मदत हवी आहे: जुन्या डेस्कटॉपमध्ये आधी काय बदलू?

नमस्कार मंडळी. २०१५ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. बायको त्यावर लग्नपत्रिकांचं डीटीपी करते, म्हणजे घरची कमाई त्यावर आहे.

सकाळी बटण दाबून चहा ठेवला, तर चहा गाळून झाला तरी आयकॉन एकेक करून उमटतच असतात. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, सीपीयू जेमतेम २०. त्यामुळे प्रोसेसरला हात लावायची गरज वाटत नाही. आधी हार्ड डिस्कच्या जागी साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली, जास्त वेगवान डिस्क) टाकावी असं माझं मत आहे. उद्या नवं मशीन घेतलं तरी ती काढून वापरता येईल. डीडीआर३ रॅमचं तसं नाही, ती नव्या बोर्डावर बसणार नाही. म्हणून ८ जीबीवर भागेल का, की थेट १६ करू? बोर्डावर रॅमचे स्लॉट दोनच आहेत.

एसएमपीएसही (मशीनला वीज पुरवणारा डबा) तेव्हाचाच आहे, तो बदलावा का?

खरी काळजी वेगळीच आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. अशा मशीनवर पैसे घालावेत का? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा.