मदत हवी आहे: ‘छपरी’ हा शब्द शिवी कधीपासून झाला?

कॉलेजच्या अंकासाठी लेख लिहितेय, विषय ‘छपरी’. आता हा शब्द रंगवलेले केस, मॉडिफाय केलेली बाईक, रील्स असं काहीही दिसलं की सर्रास वापरतात, आणि तो बहुतेकदा गरीब वस्तीतल्या पोरांनाच चिकटवला जातो हे मला फार खटकतं. गंमत म्हणजे जुन्या मराठीत छपरी पलंग म्हणजे वर छत असलेला श्रीमंताघरचा पलंग, मग तोच शब्द इतका खाली कसा आला?

नेटवर सगळीकडे एकच सांगतात की हा छप्परबंद समाजावरून आला. तो समाज आपल्याकडे विमुक्त जातींच्या यादीत आहे, इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का 1952 मध्ये पुसला गेला, हे सगळं वाचलंय. पण तिथून आजच्या शिवीपर्यंतचा दुवा कोणीच दाखवत नाही, नुसतं एकमेकांचं कॉपी पेस्ट. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश बघून झाला, त्यात छप्पर आहे पण हा अर्थ नाही. छपराच्या झोपडीत राहणारा तो छपरी, असंही असू शकतं ना.

रील्स, मीम्सच्या लिंक नकोत, त्या भरपूर आहेत. मला 2010 च्या आधीचं हवंय, छापील असेल तर उत्तमच, नाहीतर स्वतः ऐकलेलं चालेल. तुमच्या गावात किंवा चाळीत तेव्हा ‘छपरी’ कोणाला म्हणायचे, साधारण कुठल्या साली, आणि म्हणणाऱ्याच्या डोक्यात जात असायची की नुसता भुरटेपणा?