मधुमेह आणि उभं राहताना अंधारी: कोणती तपासणी करायची?

रानफूल:
बाबांना बऱ्याच वर्षांचा टाइप २ मधुमेह आहे. हल्ली अंथरुणातून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते, भिंत धरावी लागते. ईसीजी, इको नॉर्मल. बसवून बीपी घेतलं, १३०/८० आलं, आणि 'वयामुळे होतं' म्हणून घरी पाठवलं. मला पटत नाही. ही ऑटोनॉमिक न्यूरोपॅथी, म्हणजे बीपी, ठोके, पचन आपोआप सांभाळणाऱ्या मज्जातंतूंचा आजार, असू शकते का? ती ओळखतात कशी?

निळीशाई:
असू शकते. मी न्यूरोलॉजी विभागात याच तपासण्या करते. बसवून घेतलेल्या बीपीत हे बहुतेकदा निसटतं. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर उभं राहिल्यावर बीपी पडतंय हे नक्की. सोबत नाडीही लिहाच! अंगात पाणी कमी असेल तर बीपी पडताना नाडी धावते. मज्जातंतू निकामी असतील तर ती फारशी वाढत नाही. इतकी महत्त्वाची नोंद, पण कागदावर क्वचितच सापडते.

मग ईसीजी चालू ठेवून मिनिटाला सहा या गतीने खोल श्वास घ्यायला लावतो. श्वास घेताना ठोके वाढायला हवेत, सोडताना कमी व्हायला हवेत. काहींच्या पट्टीवर मात्र सगळे ठोके एकाच अंतरावर, आखल्यासारखे. दिसतं सुबक, पण आजाराची खूण तीच. वयाप्रमाणे हा चढउतार कमी होतो, त्यामुळे निकाल वय बघूनच वाचतात. नळीत जोराने फुंकायचीही एक चाचणी असते. बाबांच्या डोळ्यांच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या किंवा रक्तस्राव असेल तर आधी सांगा, मग ती टाळतात.

दीपमाळ:
सगळ्या गोळ्यांची यादी न्या. माझ्या सासऱ्यांचं बीपी प्रोस्टेटच्या गोळीने पडत होतं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ जीवनसत्त्व पण तपासा, ते कमी झालं तरी मज्जातंतू बिघडतात.

रानफूल:
प्रोस्टेटची गोळी चालू आहे, रात्री घेतात! शिवाय चार घासांत पोट भरतं म्हणतात. तेही यातलंच का?

निळीशाई:
असू शकतं. आधी एन्डोस्कोपीने अडथळा नाही ना ते बघतात. मग किरणोत्सारी द्रव्य मिसळलेलं खाणं देऊन चार तास फोटो काढतात. शेवटी १०% पेक्षा जास्त उरलं, तर पोट उशिरा रिकामं होतंय. त्या दिवशी साखर फार चढलेली नको, तिनेही पोट मंदावतं. गोळी मात्र परस्पर बंद करू नका, आधी डॉक्टरांना बीपीची नोंद दाखवा. आणि उभं करून बीपी घेताना कुणीतरी बाबांना धरायला जवळ असू द्या.