अनुभव धागा : सातारा-सांगलीच्या उन्हाळी फळांचे कॉकटेल

मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे द्राक्षांचा हंगाम सरत येतो, स्ट्रॉबेरीचे शेवटचे तोडे निघतात आणि मंडईत कैऱ्या दिसू लागतात. मद्य घेणाऱ्यांनी या फळांचे कॉकटेल घरी केले असेल, तर काय साधले आणि मुख्यतः काय बिघडले, ते प्रमाणासह लिहावे.

तासगाव
घरच्या बागेतली सोनाका जातीची द्राक्षे मी पहिल्या वर्षी मिक्सरमधून काढून, गाळून ठेवली आणि पाहुणे येईपर्यंत तो रस कोऱ्या चहासारखा तपकिरी झाला, कारण साली चिरडल्यावर रसाला हवा लागते आणि तो काळवंडतो. आता दहा-बारा मणी खलबत्त्यात साल फुटेल इतपतच ठेचतो, त्यावर लगेच अर्धे लिंबू पिळतो, पुदिन्याची चार पाने तळहातावर चापटून टाकतो आणि ४५ मिली जिन, बर्फ व सोडा घालतो. साखर अजिबात नको. एप्रिलमधले द्राक्ष स्वतःच गोड असते.

पाचगणी
शेवटच्या तोड्याची स्ट्रॉबेरी लहान व मऊ असते, म्हणून पर्यटक ती घेत नाहीत. तीच चिरून, साखर लावून अर्धा तास ठेवावी. तिला सुटलेला पाक, लिंबू आणि पांढरी रम एवढे पुरते.

सातारा
भाजलेल्या कैरीच्या पन्ह्यात व्होडका घालण्याची कल्पना माझीच. गूळ मात्र गर गरम असतानाच विरघळवावा. गार मिश्रणात तो तळाशी बसतो आणि शेवटचा घोट काकवीसारखा लागतो. हे शिकल्यावर दुसऱ्या खेपेला मी सगळे, सोड्यासकट, स्टीलच्या डब्यात घालून जोरात हलवले. झाकण उडाले आणि पन्हे थेट पंख्याच्या पात्यांवर गेले. आईने पंखा पुसायला लावला. सोडा पेल्यातच, सर्वांत शेवटी घालावा.

पलूस
आमच्या गावात वाइन पार्क, म्हणजे वाइन कारखान्यांसाठीची औद्योगिक वसाहत आहे, पण घरोघरी बाटली असते असा समज कोणी करून घेऊ नये! मी दोन भाग थंड व्हाइट वाइनमध्ये एक भाग सोडा घेतो आणि बर्फाऐवजी फ्रीझरमध्ये गोठवलेली द्राक्षे टाकतो, त्यामुळे पेय गारही राहते आणि पांचटही होत नाही.

तासगाव
पलूसकर, द्राक्षे धुऊन नीट कोरडी करून गोठवता ना? माझी ओलीच ठेवली होती, तर सगळ्यांचा मिळून एकच गोळा झाला.

पलूस
हो. आणि ताटात सुटी पसरून.