शब्दचर्चा : 'लेअर्ड' म्हणजे जहागीरदार, वतनदार की नुसता जमीनदार?

शाईदौत : लॉर्ड रे यांच्या घराण्याची वंशावळ मराठीत आणते आहे. १८८५ ते १८९० मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते ते, ज्यांच्या नावाचं रे रोड स्थानक हार्बर लाइनवर आहे. मूळ मजकुरात त्यांचे पूर्वज आधी 'लेअर्ड' आहेत आणि १६२८ साली 'लॉर्ड' होतात. मी लेअर्डला 'जहागीरदार' केलं होतं. मसुदा तपासणाऱ्यांनी ते खोडून 'सरदार' लिहिलं आणि लॉर्डलाही 'सरदार'च ठेवलं. आता वाक्य असं झालंय : 'सरदार डोनल्ड मकाय यांना १६२८ साली सरदार करण्यात आले.' लेअर्डला काय म्हणावं?

वहिवाट : सरदार तर नक्कीच नको. लेअर्ड ही पदवी नाही. वंशपरंपरेने जमीन असलेल्या माणसाला स्कॉटलंडमध्ये लोक लेअर्ड म्हणतात, एवढंच. लॉर्ड ही राजाने दिलेली पदवी, त्या काळी पार्लमेंटात बसण्याच्या हक्कासकट. पण 'जहागीरदार'ही चुकीचं आहे. जहागीर म्हणजे चाकरीपोटी लावून दिलेला महसूल. धन्याच्या मर्जीवर असते, आज आहे उद्या नाही. लेअर्डची जमीन सनदेने मिळालेली, पिढ्यान्‌पिढ्या चालणारी. 'वतनदार' लिहा.

आडवाट : वतनदार मला पटत नाही. वतनाच्या भावाभावांत तक्षिमा, म्हणजे वाटण्या, पडतात. स्कॉटलंडमध्ये थोरल्या मुलाला सगळी जमीन मिळायची, धाकट्यांना त्यातलं काही नाही. मुलगे नसले आणि मुलीच असल्या, तर मात्र जमीन मुलींत सारखी वाटली जायची आणि राहता वाडा थोरलीकडे जायचा. जमिनीपुरता थोरल्याचा हा हक्क १९६४ च्या वारसा कायद्याने संपला, पदव्या त्यातून वगळल्या. वतनदार म्हटलं की मराठी वाचकाला पाटीलकी, कुलकर्ण आणि भाऊबंदकी दिसणार, आणि तो वंशावळीत धाकट्यांचे हिस्से शोधत बसणार.

दप्तरदार : जहागीरदार, वतनदार, इनामदार हे सगळे आपल्या महसुलाच्या व्यवस्थेतले शब्द आहेत, प्रत्येकाच्या मागे एक कागद आहे. तेव्हा लेअर्डच्या मागे कोणता कागद आहे ते आधी पाहू.

जमीन देणारा सनद करून देई. पण नुसत्या सनदेने मालकी होत नसे, ताबा द्यावा लागे. त्या ताब्याला 'सेझिन' म्हणतात. देणाऱ्याचा कारभारी आणि घेणारा (किंवा त्याचा मुखत्यार) साक्षीदार घेऊन प्रत्यक्ष त्या जमिनीवर जात, आणि तिथली माती व दगड घेणाऱ्याच्या हातात ठेवत. मासेमारीचा हक्क असेल तर जाळे आणि होडी. नोटरी तिथेच हजर राहून त्याचा कागद करी. १६१७ पासून हा कागद ६० दिवसांच्या आत सरकारी नोंदवहीत चढवणे सक्तीचे झाले. प्रत्यक्ष जमिनीवर जाऊन माती देण्याची गरज १८४५ मध्ये संपली. १६१७ नंतरच्या कोणत्याही लेअर्ड घराण्याची वंशावळ या नोंदवह्यांवर तपासता येते, कारण त्यांत बाप, मुलगा, बायको, कधी सासराही नावानिशी येतो.

शिवाय वारसाला वारस म्हणून 'ठरवून' घ्यावे लागे. त्यासाठी राजाच्या दफ्तरातून हुकूम निघे, शेरीफपुढे, म्हणजे तिथल्या जिल्हा न्यायाधीशापुढे, १५ जणांची पंचायत बसे, 'अमुक हा तमुकाचा सर्वांत जवळचा कायदेशीर वारस' असा निवाडा देई, आणि तो निवाडा दफ्तरात परत जाई. त्या परत आलेल्या कागदाला 'रिटूर' म्हणतात. मी तरी त्याला सरळ 'वारसाचा महजर' म्हणेन. गोतसभा हेच करत असे.

वहिवाट : महजर उत्तम. पण शाईदौत, सावध राहा : रिटूरची तारीख ही बापाच्या मृत्यूची तारीख नव्हे. घराण्यात भांडण नसलं, सावकाराचा तगादा नसला, तर लोक वर्षानुवर्षं वारस लावूनच घेत नसत. कधी नातू थेट आजोबांचा वारस म्हणून उभा राहतो, कारण मधला बाप वारस न लावताच गेला. अशा वेळी वंशावळ करणारे मधली पिढी गाळतात आणि नातवाला मुलगा करून टाकतात.

दप्तरदार : त्यात लॅटिनची भर. जुन्या रिटूरमध्ये 'नेपोस' असते. त्याचा अर्थ नातूही आणि पुतण्या-भाचाही. दुसरा कागद हाती आल्याशिवाय मराठीत 'नातू' लिहू नये. राजाच्या सनदेतला 'कॉन्सँग्विनेउस' पाहून 'चुलतभाऊ' लिहिणारेही आहेत. तो नुसता 'आप्त' आहे, आणि मोठ्या सरदाराला मान म्हणून राजा तसे म्हणतच असे. 'जर्मन भाऊ' दिसला तर जर्मनीचा विचारही नको : तो सख्खा भाऊ. 'युटेराइन' तो एकाच आईचा, बाप वेगळा.

कोलदांडा : एवढा खटाटोप कशाला? 'जमीनदार' लिहा, संपलं. मराठी वाचकाला कळतं.

आडवाट : जमीनदार म्हटलं की मालकी आणि पिळवणूक एवढंच कळतं. लेअर्डचं नाव जमिनीला चिकटलेलं असतं, ते त्यात येत नाही. डोनल्ड मकाय हा 'फारचा मकाय' होता, फार हे ठिकाणाचं नाव. गावाचं नाव आडनावामागे लावलं की तो कोणत्या शाखेचा ते समजतं. त्याशिवाय एकाच नावाचे चार डोनल्ड वेगळे काढताच येत नाहीत.

पानसुपारी : मग आपली '-कर' पद्धतच झाली ही! आणि 'ऑफ दॅट इल्क' म्हणतात ते काय? 'मन्क्रीफ ऑफ दॅट इल्क' असं वाचलंय.

आडवाट : इल्क म्हणजे 'तेच'. आडनाव आणि गाव एकच असेल तर 'मन्क्रीफचा मन्क्रीफ' असं दोनदा म्हणण्याऐवजी 'मन्क्रीफ, त्याच ठिकाणचा'. घराण्याची ती मूळ शाखा, असा त्याचा रोख. '-कर'शी तुलना अर्धीच जुळते. निंबाळकर मूळचे पवार, निंबळकवरून निंबाळकर झाले, पुढे फलटणला नांदले तरी निंबाळकरच राहिले. आपल्याकडे '-कर' एकदा लागला की गाव सुटलं तरी सुटत नाही. तिकडे आडनाव राहतं, पण मागे जोडलेलं ठिकाण जमिनीबरोबर बदलतं. बापाच्या मागे एक गाव आणि मुलाच्या मागे दुसरं दिसलं म्हणजे माणसं दोन घराण्यांतली असं समजू नका, मुलाने दुसरी इस्टेट घेतलेली असू शकते.

कोलदांडा : पण इंग्रजीत 'त्या इल्कचे लोक' म्हणजे 'त्या छापाचे लोक' असंच सगळे वापरतात. शब्दकोशांतही आहे.

वहिवाट : गैरसमजातून रूढ झालेला अर्थ आहे तो. रूढ झाला म्हणून वंशावळीत चालणार नाही. तिथे 'मन्क्रीफ छापाचा मन्क्रीफ' लिहिणार का?

कोलदांडा : वंशावळीत नाही, पण तुम्ही 'चूक' म्हणता ते मान्य नाही. लोक दीर्घकाळ वापरतात तोच अर्थ. 'सरदार'चंही तेच, मराठीत आज उमराव म्हणून वापरतात, मग लॉर्डला का नको?

शाईदौत : लॉर्डला 'सरदार' मला चालेल. अडलंय ते लेअर्डपाशी.

पानसुपारी : क्लॅनला, म्हणजे एका प्रमुखाखालच्या स्कॉट गोताला, काय लिहिलंत? मी 'कुळ' लिहिलं असतं. क्लॅन आणि कुल एकाच मुळातले वाटतात, क-ल तर आहेच.

दप्तरदार : एका मुळातले नाहीत. गेलिकमधला 'क्लान' म्हणजे मुलेबाळे, संतती. तो जुन्या आयरिशमध्ये लॅटिन 'प्लांटा'वरून आला, म्हणजे रोप, फुटवा. त्या काळी आयरिशमध्ये परक्या 'प'चा 'क' होत असे.

पण 'कुळ' हा शब्द मला दुसऱ्याच कारणाने आवडला. मराठीत कुळ म्हणजे वंश आणि कूळ म्हणजे खंडाने जमीन कसणारा. क्लॅनमध्ये हे दोन्ही होते. प्रमुखाच्या जमिनीवर राहणारी कुळे त्याचेच आडनाव लावू लागली. त्यामुळे आज मकाय आडनावाचा प्रत्येक जण मकाय प्रमुखांचा वंशज नाही. वंशावळ करणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते : आडनाव जुळले की ते थेट प्रमुखाच्या झाडाला फांदी जोडतात. आधी पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, नोंदी (त्या १८५४ पर्यंत), १ जानेवारी १८५५ पासून सरकारी जन्ममृत्यूची नोंद, आणि आजकडून मागे एकेक पिढी असेच जायला हवे. वरून खाली येऊ नये. स्त्रियांची नोंद तिकडे सोपी पडते, कारण लग्नानंतरही कागदोपत्री माहेरचेच आडनाव चाले.

वहिवाट : आणि तारखा. १६०० पूर्वी स्कॉटलंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलायचं. रीजंट मरीचा, म्हणजे राजाच्या वतीने राज्य चालवणाऱ्याचा, खून लिनलिथगोला २३ जानेवारी १५७० ला झाला, तेव्हाच्या कागदात ते १५६९ आहे. १ जानेवारी १६०० पासून स्कॉटलंडने वर्ष जानेवारीत सुरू केलं, इंग्लंडने १७५२ मध्ये. मधल्या दीडशे वर्षांत जानेवारी ते मार्चमधली एकच घटना लंडनच्या कागदात एका सालात आणि एडिनबराच्या कागदात दुसऱ्या सालात. मराठीत दोन्ही आकडे तिरपी रेघ मारून द्यावेत.

शाईदौत : आणखी एक अडलंय. लॉर्ड रे ही पदवी 'एअर मेल'ला (heir male) जाते असं आहे. मी 'पुरुष वारस' केलंय. बरोबर?

आडवाट : नाही! मुलीचा मुलगाही पुरुषच असतो. 'एअर मेल' म्हणजे बापाकडून बापाकडे, मध्ये एकही स्त्री नाही. 'पुरुषवंशीय वारस' लिहा. तुमच्याच घराण्यात याने काय झालं बघा. १८७५ मध्ये नववे लॉर्ड रे अविवाहित वारले. पदवी गेली हॉलंडला, कारण दुसऱ्या लॉर्डांचा मुलगा एनियस डच चाकरीतल्या स्कॉट पलटणीत गेला होता आणि त्याची शाखा तिकडेच रुजली होती. मुंबईचे गव्हर्नर झालेले अकरावे लॉर्ड त्या शाखेतले. १८३९ साली हेगला जन्मले, १८७७ मध्ये ब्रिटिश प्रजाजन झाले. आणि रे परगण्याची जमीन? ती सातव्या लॉर्डांनी १८२९ मध्येच सदरलंड घराण्याला विकली होती. म्हणजे गव्हर्नर लॉर्ड रे होते, मकायांचे प्रमुख होते, पण रे परगण्याचे लेअर्ड नव्हते. तुमच्या तपासनीसांना हे एक वाक्य दाखवा, दोन्हीकडे 'सरदार' का चालत नाही ते लगेच कळेल.

दप्तरदार : जमीन घेणाऱ्या सदरलंड घराण्यातच याचा उलट नमुना आहे. १९६३ मध्ये पाचवे ड्यूक निपुत्रिक वारले. सदरलंडची जुनी अर्ल पदवी मुलींनाही जाणारी, ती पुतणी एलिझाबेथ यांच्याकडे आली. १८३३ ची ड्यूक पदवी पुरुषवंशीय, ती पहिल्या ड्यूकच्या धाकट्या मुलाच्या वंशातल्या एजर्टन यांच्याकडे गेली. एका मृत्यूने एक घराणे दोन ठिकाणी गेले. 'मार' या स्कॉट परगण्याच्या अर्ल पदवीचे प्रकरण तर याहून गुंतागुंतीचे. १८६६ मध्ये अर्ल वारले, तेव्हा बहिणीचा मुलगा आणि पुरुषवंशीय चुलत शाखा असे दोघे उभे राहिले. १८७५ मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहाने पदवी १५६५ ची आणि पुरुषवंशीय ठरवून चुलत शाखेला दिली. पुढे १८८५ मध्ये पार्लमेंटने खास कायदा करून भाच्याची प्राचीन पदवीही मान्य केली. तेव्हापासून मारचे अर्ल दोन. वंशावळीत 'मारचे अर्ल' एवढेच लिहिले तर कोणते ते कळत नाही.

पानसुपारी : 'औरस' कुठे वापरायचा मग?

दप्तरदार : 'शरीरापासूनचा वारस' असे शब्द येतात तिथे. आपल्याकडे औरसच्या समोर दत्तक उभा असतो, तिकडे दत्तकाला पदवी जातच नाही. दुसरा पेच असा : स्कॉट कायद्यात आईबापांनी नंतर लग्न केले की आधी झालेले मूल कायदेशीर ठरते. स्कॉटलंडचा राजा दुसरा रॉबर्ट आणि एलिझाबेथ म्युअर यांना लग्नासाठी पोपची परवानगी १३४७ मध्ये मिळाली, मुले आधीची. त्यातलाच थोरला पुढे तिसरा रॉबर्ट झाला. दुसऱ्या राणीच्या मुलांच्या बाजूने हा मुद्दा उकरला जात राहिला. १३७३ मध्ये पार्लमेंटला वारसाक्रम ठरवून द्यावा लागला. १४३७ मध्ये पहिल्या जेम्सच्या खुनाच्या कटात दुसऱ्या राणीचा मुलगा वॉल्टर, अथोलचा अर्ल, होता. अशा मुलांना 'अनौरस' लिहिणे कायद्याने चूक.

वहिवाट : पण जन्माच्या दिवशी अनौरसच ना? 'लग्नाने औरस ठरलेला' असं पूर्ण लिहावं.

कोलदांडा : एलफिन्स्टनांचंही एकदा स्पष्ट करा. मराठी लेखांत माउंटस्टुअर्टनाच 'लॉर्ड एलफिन्स्टन' लिहितात.

आडवाट : माउंटस्टुअर्ट हे अकराव्या लॉर्डांचे चौथे मुलगे, स्वतः कधीच लॉर्ड नव्हते. १८१९ ते १८२७ चे गव्हर्नर ते. १८५३ ते १८६० चे गव्हर्नर त्यांचे पुतणे, तेरावे लॉर्ड. २०१८ मध्ये प्रभादेवी झालेलं स्थानक पुतण्याच्या नावाचं होतं. हीसुद्धा स्कॉटलंडच्या लॉर्डांचीच पदवी, त्यामुळे 'बॅरन एलफिन्स्टन' लिहू नका. इंग्लंडमध्ये बॅरन ही उमरावांतली सर्वांत खालची पायरी, स्कॉटलंडमध्ये ती पायरी लॉर्डची. तिथला बॅरन हा जमिनीला जोडलेला मान, उमरावांत मोडत नाही. २८ नोव्हेंबर २००४ ला सरंजामी जमीनधारा रद्द झाली तेव्हा तो मान जमिनीपासून सुटा झाला.

पानसुपारी : हल्ली फूटभर जागा विकत घेऊन लेअर्ड होता येतं अशा जाहिराती असतात. ते लेअर्ड धरायचे का?

वहिवाट : अजिबात नाही. तसल्या आठवणीदाखल घेतलेल्या तुकड्याची नोंद जमिनीच्या सरकारी रजिस्टरमध्ये होतच नाही, १९७९ च्या कायद्यातच तसं होतं, त्याच्या जागी आलेल्या २०१२ च्या कायद्यातही आहे. लॉर्ड लायन, म्हणजे घराण्यांच्या चिन्हांचे तिथले अधिकारी, तेही त्याला मानत नाहीत.

शाईदौत : 'पुरुषवंशीय वारस' आणि 'वारसाचा महजर' घेतले. लेअर्डला तूर्त 'लेअर्ड'च ठेवते आणि पहिल्यांदा येतो तिथे 'सनदी जमीनधारक' अशी ओळख देते.

कोलदांडा : 'सनदी' म्हटलं की लोकांना सनदी अधिकारी आठवतील. जमीनदारच बरा होता.

आडवाट : 'वंशपरंपरागत जमीनधारक' लिहा. आणि मकाय कसं लिहिलंय तुम्ही? काही ठिकाणी 'मॅके' दिसतं. त्या घराण्यात उच्चार 'मकाय', शेवटी 'आय'. वंशावळीत एकच रूप शेवटपर्यंत ठेवा, नाहीतर सूचीत दोन घराणी होतील.