स्टेशनवर गाड्यांचे फोटो काढताना सिक्युरिटीवाले अडवतात, काय करावं? (सल्ला हवा)

लोकोबाबा:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. चिरंजीव सातवीत आहेत आणि रेल्वेचं भयंकर वेड, बाकीची पोरं क्रिकेटरांचे स्कोअर पाठ करतात तसे हा इंजिनांचे नंबर पाठ करतो, एक वही आहे त्यात शेड (इंजिन ज्या डेपोचं तो), नंबर, वेळ, कुठे दिसलं सगळं लिहितो. गेल्या रविवारी त्याला घेऊन घाटाच्या वाटेवरच्या एका स्टेशनात गेलो (नाव मुद्दाम देत नाही), गाडीला मागून बँकर (घाट चढताना ढकलणारी जादा इंजिनं) कसे जोडतात ते त्याला बघायचं होतं. प्लॅटफॉर्म तिकीट काढून बाकावर बसलो, मस्त चाललं होतं. साडेअकराच्या सुमारास वर्दीतले एक साहेब आले आणि एकदम कॅमेरा बंद कर, परमिशन आहे का, कुणासाठी काढतोयस असं सुरू. म्हटलं साहेब पोराची हौस आहे, आणि पोराने बिचाऱ्याने पुरावा म्हणून वही पुढे केली तर वही बघून ते आणखीच भडकले, नंबर कशाला लिहितोस, कुणाला पाठवतोस? सातवीतल्या पोराला! पाऊण तास एका खोलीत बसवलं आणि शेवटी समोर उभं राहून १४० फोटो एकेक करून डिलीट करायला लावले. येताना लोकलमध्ये पोरगं एक शब्द बोललं नाही.
तर परवानगी कुठून मिळते, असं कुणी अडवलं तर बोलायचं काय, आणि निवांत फोटो काढता येतील अशा जागा कुठल्या?

बँकर३७:
बाकी सगळं नंतर, आधी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून ठेवा!! त्यावर एकही नवीन फोटो काढू नका. डिलीट केलेला फोटो लगेच पुसला जात नाही, फक्त ती जागा रिकामी आहे अशी खूण होते, वर दुसरं काही लिहिलं गेलं की मग गेला कायमचा. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, काळ्या स्क्रीनवर चालतं, दिसायला भयाण आहे पण काम करतं. सापडलेले फोटो त्याच कार्डावर सेव्ह करू नका, लॅपटॉपवर घ्या. फाइलची नावं जातील, तेवढं चालवून घ्या.

पनवेलची_प्रिया:
वाईट वाटलं वाचून, पण दादा, किती वेळ बसला होतात? प्लॅटफॉर्म तिकीट दोनच तास चालतं.

लोकोबाबा:
चार तास झाले होते :( हे खरंच डोक्यात नव्हतं. कार्ड काढलं, थँक्स बँकर.

पनवेलची_प्रिया:
तेच तर. त्यांना काहीच नाही सापडलं तरी तिकिटावरून धरता येतं, आणि एकदा आपण चुकलोय म्हटल्यावर आवाज आपोआप खाली येतो. दहा रुपयांचं तिकीट, दोन तासांनी दुसरं काढायचं आणि दोन्ही खिशात ठेवायची.

काळाकोट:
वकील आहे पण हा फुकटचा सल्ला समजा. पहिलं म्हणजे समोरचा कोण आहे ते बाहीवर वाचा. आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, केंद्राचं, रेल्वेच्या मालमत्तेचं आणि प्रवाशांचं रक्षण करणारं दल. जीआरपी म्हणजे आपले लोहमार्ग पोलीस, राज्याचे, गुन्हा नोंदवतात ते हे. मुंबईच्या स्टेशनांवर महाराष्ट्र सुरक्षा बलाचे जवान आणि होमगार्डही असतात. चौघांचे अधिकार सारखे नाहीत पण दरडावण्याचा सूर सारखाच, म्हणून माणसं गोंधळतात.
दुसरं, रुळावर किंवा साइडिंगमध्ये (गाड्या उभ्या करायच्या बाजूच्या रुळांवर) उतरलात तर रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४७ लागतं, त्यात दंड आणि कैद दोन्ही आहेत, तिथे मी तुमची बाजू घेणार नाही.
तिसरं, 'ऑफिशियल सीक्रेट्स लावीन' ही धमकी बऱ्याच जणांनी ऐकली असेल. १९२३ च्या त्या कायद्यात 'प्रतिबंधित जागा' म्हणजे काय याची व्याख्या आहे, आणि रेल्वे त्यात येते ती केंद्र सरकारने गॅझेटमध्ये तसं जाहीर केलं तरच. २०२२ मध्ये वर्ध्याच्या एका प्रकरणात मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने पोलीस स्टेशनसुद्धा त्या व्याख्येत बसत नाही असं म्हटलंय. अर्थात हे प्लॅटफॉर्मवर ऐकवायला जाऊ नका, पोराला घेऊन तर नाहीच. कॅमेरा जप्त करतो म्हणाले तर शांतपणे पंचनामा आणि पावती मागा, निम्मे लोक तिथेच ढिले पडतात.

माजी_मास्तर:
मी ३१ वर्षं स्टेशन मास्तर होतो, दोनदा बदली घाटात. जरा दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका. ११ जुलै २००६ चे लोकलमधले स्फोट आणि त्यानंतर २६/११ ला सीएसटीवरचा गोळीबार, ह्याच्यानंतर प्रत्येक मीटिंगमध्ये एकच विषय, अनोळखी माणूस, मोठी बॅग, एकाच जागी तासन्‌तास. तुमच्या पोराची वही त्या यादीत नेमकी बसली बघा. त्यात आता ही रिल्सवाली जमात, दरवाजात लटकून, इंजिनासमोर उभं राहून, त्यांच्यामुळे वरून झाडाझडती होते ती निघते तुमच्यासारख्यांवर.
माझ्याकडे यायचे असे मुलगे. जो आल्या आल्या ऑफिसच्या दारात येऊन 'साहेब, फोटो काढायला आलोय, त्या टोकाला बसतो' म्हणायचा त्याला कधी कुणी हात लावला नाही, कारण जवान विचारायला आला की मीच सांगायचो, अरे बसू दे रे. एकाला तर आमच्या पॉइंट्समनने (रुळांचे सांधे बदलणारा कर्मचारी) बँकर सुटताना कपलिंग (डबा-इंजिनाची जोडणी) कुठून नीट दिसतं ती जागा दाखवली होती.
पॅनल रूमकडे, केबिनकडे (जिथून सिग्नल चालवतात) लेन्स नको. पिवळ्या पट्टीच्या मागेच थांबायचं. फ्लॅश अजिबात नको, लोको पायलटच्या डोळ्यावर येतो, ह्यावर मात्र मी स्वतः ओरडायचो. आणि मिलिटरी स्पेशल, म्हणजे उघड्या वॅगनवर ताडपत्रीखाली काय झाकलंय ते आकारावरूनच कळतं, देवळालीकडे दिसतात, ती आली की कॅमेरा बॅगेत. तिथे हौस सांगू नका.

घाटरस्ता:
म्हणजे आपण गुन्हा न करता आधी हजेरी लावायची? गंमत म्हणजे त्याच सीएसटीवर २६/११ ला कसाबचा फोटो काढला तो एका वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरने, आणि कोर्टात त्याची साक्ष झाली. कॅमेरा कामाला आला ना तेव्हा?

माजी_मास्तर:
आला. तो फोटोग्राफर होता हे नंतर कळलं. जवानाला आधीच कळावं लागतं.

जर्सीकर:
इकडे अमेरिकेतही काही वेगळं नाही हो. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर अ‍ॅमट्रॅकच्याच (इथली सरकारी प्रवासी रेल्वे कंपनी) पोलिसांनी एकाला बेड्या घातल्या, आणि तो फोटो कशासाठी काढत होता तर अ‍ॅमट्रॅकनेच ठेवलेल्या फोटो स्पर्धेसाठी! सबवेत तर २००४ मध्ये सरसकट फोटोबंदीचा प्रस्ताव होता, लोकांनी बोंब मारली म्हणून बारगळला. ब्रिटनमध्ये बरं, तिथे नेटवर्क रेलने (रूळ-स्टेशनं सांभाळणारी कंपनी) हौशी लोकांसाठी नियमच लिहून ठेवलेत, फ्लॅश नको वगैरे. मी मोबाइलमध्ये तिथल्या तिथल्या नियमांचं पान सेव्ह करून जातो.

पनवेलची_प्रिया:
आपल्याकडे तसं पान नाही म्हणून कागद लागतो. डीआरएम (रेल्वेचे विभागीय व्यवस्थापक) ऑफिसात जनसंपर्क अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज, त्यात तारीख, स्टेशन, कोण कोण येणार, कॅमेरा कोणता, आणि स्पष्ट लिहायचं की वैयक्तिक हौस, स्टिल फोटो, धंद्यासाठी नाही. आधारची झेरॉक्स जोडायची. व्हिडिओचं पैसे देऊन शूटिंग ते वेगळं प्रकरण, त्याची फी असते. उत्तर येईपर्यंत वाट बघावी लागते, मी दोनदा पाठवला, एकदाच आलं. पण शिक्का मारलेला अर्जसुद्धा कधी कधी पुरतो.

बँकर३७:
जागा: रस्त्यावरचे पूल. सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून लांब लेन्सने काढा, स्टेशनचा प्रश्नच नाही. कोकणात रत्नागिरीजवळ पानवल नदीचा पूल, ६४ मीटर उंच, खालून बघितला की मान दुखते. विदर्भात असाल तर नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं (अरुंद रुळांच्या रेल्वेचं) म्युझियम आहे, पोरगं दिवसभर रमेल. दूधसागरला रुळावरून चालत जायच्या फंदात पडू नका, जुलै २०२३ मध्ये तिथे ट्रेकर्सना उठाबशा काढायला लावल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता.

काळाकोट:
उठाबशा कुठल्या कलमात बसतात ते मला अजून सापडलेलं नाही.

लोकोबाबा:
अपडेट देतो. काल रात्री फोटोरेक चालवलं, १४० पैकी १२३ आले, काही अर्धे करडे आहेत. चिरंजीव शेजारी बसून एकेक नंबर वहीशी जुळवत होता, म्हटलं चला बोलायला लागला. प्रियाताई, अर्जाचा नमुना मेसेजमध्ये टाकाल का? मास्तर, पुढच्या वेळी आधी ऑफिसच्या दारात, नक्की.
आता त्याचा एक प्रश्न, मला येत नाही म्हणून इथे विचारतो. वहीत साडेअकरा ते सव्वाबारा कोरं आहे, आम्ही त्या खोलीत होतो तेव्हा दोन गाड्या घाट चढून गेल्याचा आवाज आला. गेल्या रविवारी कुणी घाटात होतं का, लोको (इंजिनं) कुठले होते?