किडनी ट्रान्सप्लांटनंतर बाळ, त्याच्या तब्येतीचं काय?

साताऱ्याची_सून
मी ३१ वर्षांची, २०२१ ला ट्रान्सप्लांट झालं, किडनी माझ्या आईची. क्रिएटिनिन (किडनी किती चालते ते दाखवणारी रक्ततपासणी) १.१, बीपी एका गोळीवर कंट्रोलमध्ये. नेफ्रोच्या म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी आता हिरवा कंदील दिलाय पण घरात रोज चर्चा, एवढ्या गोळ्या खाऊन बाळ धड होईल का, त्याचीही किडनी जाईल का. सासूबाईंचं तर वेगळंच, किडनी आईची म्हणजे बाळ आजीवर जाणार म्हणे! हसू येतं पण रात्री झोप लागत नाही. कोणाचा अनुभव आहे का?

दोन_डब्यांची_आई
आजीवर गेलं तरी ते तुमच्यामुळे जाईल, किडनीमुळे नाही 😄 बाळाला जीन्स मिळतात बीजांडातून, तिथे डोनरचा काय संबंध.
माझा मुलगा आता ६ वर्षांचा. ३५व्या आठवड्यात सिझर, वजन २ किलो १००, नऊ दिवस एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग). ते नऊ दिवस नको ते आठवायला. पण आता शाळेत जातो, डबा तसाच परत आणतो, बाकी सगळं नॉर्मल. आम्हाला आधीच सांगितलेलं की ट्रान्सप्लांटवाल्यांची निम्मी बाळं लवकर येतात आणि लहानखुरी असतात, तेव्हा एनआयसीयू असलेलंच हॉस्पिटल बघा. आणि सर्वात महत्त्वाचं, तुमच्या गोळ्यांत मायकोफेनोलेट चालू आहे का??

साताऱ्याची_सून
हो, टॅक्रो (टॅक्रोलिमस), मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन, तिन्ही शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून.

निवासी_डॉक्टर
मग अजून प्रयत्न सुरू करू नका. मायकोफेनोलेटने गर्भपाताचा धोका वाढतो, बाळाच्या कानात आणि ओठ-टाळूत दोष येऊ शकतो. दिवस राहायच्या किमान ६ आठवडे आधी ती बंद करून सहसा अझाथायोप्रिन देतात, मग नव्या गोळीवर क्रिएटिनिन स्थिर राहतंय का बघतात. स्वतःच्या मनाने मात्र एकही गोळी सोडू नका, किडनी रिजेक्ट झाली तर बाळ आणि तुम्ही दोघंही अडचणीत. टॅक्रो आणि प्रेडनिसोलोन चालतात, टॅक्रो दुधात अगदी नगण्य उतरतं त्यामुळे अंगावर पाजताही येतं.
बाळाची किडनी जाईल का हे तुमची कशाने गेली त्यावर आहे. पॉलिसिस्टिक (किडनीत पाण्याच्या गाठी होणारा आनुवंशिक आजार) असेल तर प्रत्येक बाळाला ५० टक्के शक्यता.

साताऱ्याची_सून
आयजीए नेफ्रोपथी होती, म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या आयजीए प्रथिनामुळे किडनीला सूज येणारा आजार.

निवासी_डॉक्टर
तो बहुतेकांत आनुवंशिक नसतो.

पुणेरी_काका
थोडं अवांतर. आपल्या पुण्यात २०१७ ला एका मुलीला तिच्या आईचं गर्भाशय बसवलं आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यातून मुलगी झाली, वजन १४५० ग्रॅम. आणि किडनीचं म्हणाल तर अमेरिकेत एडिथ हेल्म या बाईंना १९५६ मध्ये जुळ्या बहिणीची किडनी बसवली, १९५८ मध्ये मुलगा झाला. म्हणजे हे काही कालचं खूळ नाही, सासूबाईंना सांगा.

दोन_डब्यांची_आई
काका, त्या एकसारख्या जुळ्या होत्या हो, शरीराला किडनी परकी वाटलीच नाही, त्यांना आपल्यासारख्या गोळ्या कुठे घ्याव्या लागल्या!
ताई एक राहिलंच, लसी. पोटात असताना गोळ्या गेलेल्या असतात म्हणून बीसीजी आणि रोटाव्हायरस या जिवंत लसी कधी द्यायच्या ते बाळाच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. पोलिओचे थेंबही जिवंत लस, त्यातला विषाणू शी-तून बाहेर पडतो आणि लंगोट बदलणार तुम्हीच, प्रतिकारशक्ती कमी असलेल्या. आम्ही इंजेक्शनवाली घेतली. जन्मल्यावर लगेच थेंब पाजायला येतात, मला ऐनवेळी कळलं आणि नर्सबाईंशी वाद घालावा लागला.

साताऱ्याची_सून
हे कोणीच सांगितलं नव्हतं, वहीत लिहून घेतलं. मंगळवारी अपॉइंटमेंट आहे, आधी गोळीचं विचारते.