लो फर्स्टमध्ये चाक अडलं की जीप बंद पडते: गव्हर्नर बिघडलाय की स्लो वाढवायचा?

घाटवाट:
जुनी डिझेल जीप, बॉशचा व्हीई जातीचा रोटरी पंप, यांत्रिक गव्हर्नर. पंप नुकताच कॅलिब्रेट करून बसवलाय. डांबरी रस्त्यावर काहीच तक्रार नाही. पण लो फर्स्टमध्ये (लो रेंजचा पहिला गिअर), क्लच पूर्ण सोडून, ॲक्सिलरेटर न देता दगडावर चाक अडलं की आरपीएम ८०० वरून खाली जातो आणि इंजिन सावरण्याऐवजी बंदच पडतं. रेस एकदम सोडली तरीही कधी कधी तेच. टायर २८ वरून ३१ इंचांचे केलेत. गॅरेजवाले म्हणतात, स्लोचा, म्हणजे आयडलचा (पाय न देता इंजिन फिरतं तो वेग) स्क्रू फिरवून १००० करून टाकू. करावं का? आणि कॉमन रेल गाड्या (कॉम्प्युटर डिझेल सोडतो त्या) अशा वेळी पायाशिवाय रेस होतात, ते कसं?

नोजलपंप:
स्लोच्या स्क्रूला आत्ता हात लावू देऊ नका. १००० केलात तर चढावर कदाचित निभावेल, पण उतारावर गाडी तेवढीच जोरात पळेल, ब्रेकवर ताण येईल आणि मूळ दोष झाकला जाईल.

गाडी बंद न पडू देणं हे या पंपात गव्हर्नरचंच काम आहे. पंपाच्या शाफ्टवरून गिअरने फिरणारी वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात, स्लीव्ह ढकलतात, स्लीव्ह लीव्हरला रेटते आणि प्लंजरवरची (डिझेल दाबणाऱ्या दांड्यावरची) कंट्रोल कॉलर डिझेल कमी करणाऱ्या बाजूला सरकते. वेग पडला की वजनांचा जोर ओसरतो, आयडलची स्प्रिंग लीव्हर उलटा ढकलते आणि डिझेल वाढतं. ना वायर, ना सेन्सर. मात्र यात एक गोष्ट लक्षात घ्या: डिझेल वाढायला आधी आरपीएम पडावा लागतो. ८०० चं इंजिन ओझ्याखाली ७०० च्या आसपास येऊन तग धरत असेल तर गव्हर्नर ठणठणीत आहे. तिथून तो आणखी घसरत गेला, तर एक तर डिझेल वाढत नाही, किंवा वाढूनही पुरत नाही.

तपासणी याच क्रमाने करा. पंपाच्या इनलेटला आणि रिटर्नला (जादा डिझेल परत जातं तिथे) पारदर्शक पाईप लावा. इनलेटला बुडबुडे दिसले तर पंप निर्दोष आहे असं धरून चला. मग फिल्टर, त्यातलं पाणी, टाकीच्या झाकणाचा श्वास. त्यानंतर बॅन्जो बोल्ट (पाईप पंपाला जोडणारे पोकळ बोल्ट) बघा. पंप काढून बसवताना हा घोटाळा फार होतो: ‘OUT’ असं कोरलेल्या रिटर्नच्या बोल्टला बारीक भोक असतं. तो चुकून इनलेटला गेला तर पंप उपाशी राहतो, आणि रिटर्न मोकळा झाल्याने पंपाच्या आतला दाबही टिकत नाही. ॲक्सिलरेटर लीव्हरच्या शाफ्टभोवती डिझेल ओघळत असेल तर तिथलं सील गेलंय.

हे सगळं ठीक निघालं तर कॅलिब्रेशनवाल्याकडे बेंचचं कार्ड (कोणत्या वेगाला पंपाने किती डिझेल दिलं त्याची नोंद) मागा आणि ३०० ते ४०० पंप आरपीएमचं रीडिंग बघा. पंप इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे तुमचा आजार तिथेच दिसेल. फुल लोड (जास्तीत जास्त डिझेल) आणि कटऑफ (जास्तीत जास्त वेग) लावून पंप परत देणारे पुष्कळ आहेत. खालच्या आरपीएमला सिलिंडरकडे जाणाऱ्या चारही लाइनचं माप सारखं येतंय का, हे बघायला वेळ लागतो.

रेस सोडल्यावर बंद पडण्यासाठी वेगळी कसोटी आहे. लुकास पंपाच्या जुन्या प्यूजो डिझेलसाठी ती अशी: इंजिन गरम करून ३००० पर्यंत रेस करा आणि एकदम सोडा. खाली यायला २.५ ते ३.५ सेकंद लागावेत, आणि आयडलच्या साधारण ५० आरपीएम खाली जाऊन इंजिन सावरावं. लवकर कोसळून बंद पडलं तर अँटी-स्टॉल स्क्रू (रेस सोडल्यावर इंजिन बंद पडू न देणारा) लीव्हरच्या दिशेने पाव फेरा. रेंगाळलं आणि इंजिन ब्रेकिंग गेलं तर उलट पाव फेरा. बॉश पंपावर स्क्रूची जागा आणि माप वेगळं आहे, ते त्याच इंजिनच्या मॅन्युअलमधून घ्या. अँटी-स्टॉल समजून सील केलेला फुल लोडचा स्क्रू फिरवू नका.

गिअरगणित:
टायरचा हिशेबही धरा. २८ चे ३१ केले म्हणजे तोच चढ चढायला इंजिनवर सुमारे ११ टक्के जास्त ओझं. समजा पहिला गिअर ४, लो २.५ आणि डिफरन्शियल (ॲक्सलमधला शेवटचा गिअर) ४.५, म्हणजे एकूण ४५ ला १. ८०० आरपीएमला चाक मिनिटाला १८ फेरे घेतं. २८ इंची टायरवर ताशी साधारण २.४ किलोमीटर. आयडलला इंजिनकडे टॉर्क मोजकाच असतो, आणि गव्हर्नर फार तर तेवढाच काढून देऊ शकतो. मोठे टायर कायम ठेवायचे असतील तर खरा उपाय डिफरन्शियलच्या रेशोत आहे, स्लोच्या स्क्रूत नाही.

सेन्सरतपास:
कॉमन रेलमध्ये हेच काम ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) करतं. क्रँक सेन्सर प्रत्येक सिलिंडरच्या धक्क्यागणिक वेग मोजतो. ठरलेल्या आयडलखाली वेग गेला की ईसीयू पुढच्याच इंजेक्शनला डिझेल वाढवतं, आणि थोड्या वेळाने वेग पुन्हा मूळ आकड्यावर आणून बसवतं. यांत्रिक गव्हर्नर खाली आलेल्या वेगावरच तग धरतो; हा फरक चढावर पायाला जाणवतो.

पण ईसीयूलाही धुराची मर्यादा पाळावी लागते. हवा जेवढी मोजली जाते त्या हिशेबानेच डिझेल मिळतं. म्हणून ईजीआर (जळालेला धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला किंवा हवेचा सेन्सर मळला की कॉमन रेल गाडीही लो फर्स्टमध्ये मान टाकते. क्लच पेडलचा स्विच बिघडला तरी गोंधळ होतो.

आणखी एक: अशी गाडी क्लच न दाबता नुसत्या ब्रेकने थांबवू पाहिलीत तर ईसीयू वेग पडू नये म्हणून डिझेल वाढवतं आणि गाडी ब्रेकविरुद्ध ढकलत राहते. लांब उतारावर पाय ब्रेकवर ठेवून रेंगाळलात तर लायनर तापतात. गिअरवर सोडा, ब्रेक तुटक वापरा. थांबायचंच असेल तेव्हा क्लच.

घाटवाट:
इनलेटच्या पाईपमध्ये बुडबुडे दिसतायत, रेस वाढवली की जास्त. बाहेर मात्र डिझेलचा थेंब नाही. बॅन्जो बोल्ट जागच्या जागी आहेत.

नोजलपंप:
थेंब दिसणारच नाही. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढीखाली असते, म्हणून ती डिझेल सांडत नाही, हवा आत घेते. पाच लिटरचा स्वच्छ कॅन पंपापेक्षा उंच बांधा आणि आखूड नवा पाईप थेट इनलेटला द्या. रिटर्नही त्याच कॅनमध्ये सोडा. हवा निघून गेल्यावर लो फर्स्टमध्ये तोच प्रयोग करा. इंजिन सावरलं तर पंप खोलू नका. कॅन काढून मागे मागे जात रहा: फिल्टरच्या डोक्याचं सील, हँड प्रायमर (हाताने डिझेल भरायचा छोटा पंप), पाणी काढायचा स्क्रू, रबरी पाईपची टोकं, टाकीतला पिकअप पाईप. क्लिप आवळून भागवू नका. कडक झालेला पाईप आवळला तरी हवा घेतोच, तो बदला.

आणि हे सगळं होईपर्यंत चढावर गाडी बंद पडली तर आधी ब्रेक घट्ट धरा, मग क्लच. गाडी गिअरमध्ये मागे घरंगळू देऊ नका.